जयणेची दिवाळी

अश्विनाचा वद्य पक्ष लागला की भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या घराघरांत पाहुण्यांची मोजदाद सुरू होते. पुण्याचा मुलगा कोणत्या गाडीने येणार, रायपूरची लेक भाऊबिजेला किती दिवस राहणार, नागपूरच्या काकांकडे फराळाला कधी जायचे, हे ठरविण्यातच निम्मा सण साजरा होतो. २०२० च्या दिवाळीत ही मोजदाद दबक्या आवाजात झाली. २०२१ मध्ये ती पुन्हा मोकळेपणाने सुरू झाली. मात्र अनेक घरांत ती करताना कंठ दाटतो, कारण मोजणीत एक माणूस कमी भरतो.

भंडारा जिल्ह्यात कोरोनाचा पहिला रुग्ण २७ एप्रिल २०२० रोजी गराडा बुद्रुक येथे आढळला. पहिला मृत्यू त्याच वर्षी १२ जुलैला नोंदविला गेला. खरा कहर झाला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. १२ एप्रिल २०२१ या एका दिवशी १,५९६ नवे रुग्ण आढळले. १८ एप्रिलला उपचाराधीन रुग्णांची संख्या १२,८४७ झाली. जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख. म्हणजे त्या दिवशी दर शंभर माणसांमागे एकाहून अधिक जण आजारी होते. १ मे रोजी ३५ जणांनी प्राण सोडले. याच काळात, २५ एप्रिलला, भगवान महावीरांचे जन्मकल्याणक आले आणि मिरवणुकीविना घरातच साजरे झाले.

त्यानंतर ६ ऑगस्टला तपासलेल्या ५७८ नमुन्यांपैकी एकही बाधित निघाला नाही, शेवटचा रुग्ण घरी गेला आणि भंडारा हा राज्यातील पहिला कोरोनामुक्त जिल्हा ठरला. शोध, चाचणी आणि उपचार या तिहेरी प्रयत्नांचे ते फळ होते. परंतु तोवर जिल्ह्याने १,१३३ माणसे गमावली होती. शिवाय मिळालेले शून्य टिकवावे लागते. मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर आणि तुमसर रोडला रोज थांबतात, राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्याच्या मधून जातो आणि सणाला माणसे येतातच. ७ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील धार्मिक स्थळे उघडली. २१ ऑक्टोबरला देशाने लसींच्या शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. दिलासा मोठा होता. पण अठरा वर्षांखालील मुलांना तेव्हा लस मिळालेली नव्हती, आणि लस घेतलेल्या माणसाकडूनही दुसऱ्याला संसर्ग होऊ शकतो.

अशा वेळी कसे वागावे, याचे उत्तर जैन गृहस्थाला दूर शोधावे लागत नाही. ते त्याच्या नित्याच्या एका शब्दात आहे : जयणा. दशवैकालिक सूत्रात चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, जेवणे आणि बोलणे या सर्व क्रियांना जयणेची, म्हणजे सावध विवेकाची, अट घातली आहे. उपदेश मुनींसाठी असला तरी श्रावकाच्या घरातही तो रुजला आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी पाणी गाळून पिणारी गृहिणी ‘दिसत नाही, म्हणजे नाही’ असे मानत नाही. मग विषाणू दिसत नाही म्हणून निर्धास्त राहणे तिच्या संस्कारात बसणारे नाही. जयणा म्हणजे भीती नव्हे. पाणी गाळणारी बाई पाण्याला भीत नाही. ती पाणी पितेच, फक्त गाळून पिते. सणाचेही तसेच आहे. सण सोडायचा नाही, गाळून घ्यायचा आहे.

प्रथम प्रवासाचा विचार. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे आणि देशावकाशिकही आहे. आपल्या वावराची सीमा आखून घेणे, हा त्यांचा गाभा. साधु-साध्वी तर चातुर्मासात जीवहिंसा टाळण्यासाठी एकाच गावी थांबतात. न जाणे हीही एक साधना आहे, ही जाण ज्या समाजाकडे आहे, त्याला एखादी भेट पुढे ढकलणे जड जाऊ नये. दिवाळीच्या सहा दिवसांत सहा गावे करण्यापेक्षा एक घर निवडावे आणि तेथे निवांत राहावे. रेल्वेत किंवा बसमध्ये नाक-तोंड झाकणारा मुखवटा पूर्ण वेळ ठेवावा. हनुवटीवरचा मुखवटा कामाचा नाही. सामायिकात वापरली जाणारी मुहपत्ती ही वायुकायिक जीवांच्या रक्षणासाठी असते. आजारापासून रक्षणासाठी घट्ट बसणारा मुखवटाच लागतो. डबा घरचा न्यावा आणि गर्दी उतरल्यावर खावा. स्वतःच्या मोटारीत इतर घरची माणसे असतील, तर काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात.

प्रवासापूर्वीचा एक प्रसंग मात्र सर्वांत कठीण. तुमसरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आजी पंचाहत्तरीच्या, मधुमेह असलेल्या. नातवाचे तिकीट काढलेले आहे आणि निघण्याच्या आदल्या रात्री पुण्यात त्याचा घसा खवखवू लागतो. ‘हवा बदलली असेल’ असे म्हणून तो गाडीत बसू शकतो. घरी कळवले तर आजी हिरमुसतील, आईने केलेली शंकरपाळी तशीच राहतील. तरीही त्याने कळवावे, चाचणी करून घ्यावी आणि गाडी सोडून द्यावी. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास बहुधा पाच-सहा दिवस, क्वचित चौदा दिवसही लागतात, आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आजार पसरू शकतो. म्हणूनच घसा दुखत असताना ‘काही नाही’ म्हणणे हा साधा संकोच राहत नाही. तेथे सत्य आणि अहिंसा ही दोन्ही व्रते एकदम भंगतात. आईचीही एक जबाबदारी आहे. ‘आलास तरच दिवाळी’ असे तिने म्हणू नये. ‘बरा हो, मग ये, तेव्हा दिवाळी करू’ असे तिने म्हटले, की मुलाला खरे बोलणे सोपे जाते.

आता एकत्र जमण्याविषयी. बंद, कोंदट खोलीत श्वासावाटे पसरणारा विषाणू हवेत साचतो. उघड्यावर तो विरतो. त्यामुळे फराळ बैठकीच्या खोलीत न करता अंगणात किंवा गच्चीवर करावा. घरातच बसायचे असेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. भाऊबिजेनंतर या भागात गावोगावी मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात. तेथे जाणाऱ्याने गर्दीच्या कडेला बसावे आणि घरी वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर तो मोह आवरावा.

अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू अर्पण होईल, तेव्हा एक उदाहरण आठवावे. २०२० च्या पर्युषणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन जैन मंदिरांत शेवटच्या दोन दिवसांसाठी दर्शनाची परवानगी दिली, ती एका वेळी पाच आणि दिवसभरात अडीचशे जणांपुरतीच. जे तेव्हा न्यायालयाच्या आदेशाने झाले, ते आता संघाने स्वेच्छेने करावे. वेळा वाटून द्याव्यात, वृद्धांना पहिली वेळ द्यावी, स्वामीवात्सल्याची पंगत बसविण्याऐवजी प्रसाद घरपोच करावा. चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आहे. गावात विराजमान असलेल्या वृद्ध साधु-साध्वींच्या दर्शनास बाहेरगावची माणसे येतात आणि ते कोणालाही परत पाठवीत नाहीत. म्हणून अंतर राखण्याची काळजी दर्शनार्थीनेच घ्यायची आहे.

एवढे करूनही ताप आलाच, तर लपवू नये. त्या माणसाला वेगळी खोली द्यावी, चाचणी करावी, बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहावे. प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली गेले किंवा धाप लागली, तर सण आटोपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शेवटी भाऊबीज. जैन परंपरा सांगते की पावापुरीला भगवान महावीरांचे निर्वाण झाले, तेव्हा त्यांचे ज्येष्ठ बंधू राजा नंदिवर्धन शोकाने खचून गेले. बहीण सुदर्शना हिने त्यांना आपल्या घरी बोलावले, धीर दिला, जेवू घातले. तीच भाऊबीज. या कथेत रोषणाई नाही, पाहुण्यांची गर्दी नाही; एक दुःखी भाऊ आहे आणि त्याच्यासाठी उघडलेले एक दार आहे.

जिल्ह्यात असे नंदिवर्धन कितीतरी आहेत. अंत्यविधीला चार माणसेही जमू शकली नाहीत, सांत्वनाला कोणी उंबऱ्याशी आले नाही, अशी ती घरे आहेत. ज्यांना या दिवाळीत एकच प्रवास करायचा आहे, त्यांनी तो अशा घराकडे करावा. गर्दीने जाऊ नये. एकाने, फार तर दोघांनी जावे. आदल्या दिवशी फोन करावा, आपली प्रकृती ठीक असल्याची खात्री करावी, मुखवटा लावून अंगणात बसावे, सोबत फराळाचा डबा न्यावा. फार बोलावे लागणार नाही.

नवे वीर निर्वाण संवत अशा भेटींनी सुरू व्हावे आणि पुढच्या अश्विनात पाहुण्यांच्या मोजदादीत एकही माणूस कमी भरू नये.

जय जिनेंद्र.