अपघात नशिबाचा, भरपाई मात्र हक्काची

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या सीटवरचा पट्टा, पुलाची रचना, महामार्गावरचा वेग यांवर देशभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण याच जिल्ह्यात पालघर-बोईसर किंवा बोईसर-चिल्हार रस्त्यावर पाळी गाठायला निघालेला दुचाकीस्वार टँकरखाली येतो, तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात आणि घरचे म्हणतात, ‘नशिबात होतं.’

तारापूर एमआयडीसीतल्या रसायन, कापड आणि पोलादाच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगाराला दुचाकीवाचून गत्यंतर नाही. रात्रपाळी संपवून तो डोळ्यांत झोप घेऊन निघतो. शेजारून ट्रेलर जातात आणि पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली दिसत नाही. अशा वेळी हेल्मेट मात्र आरशाला लटकलेले असते. हेल्मेट नसेल तर 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, असा कायदा आहे. पण हेल्मेट पोलिसासाठी घालायचे नसते, हे घरातल्या आईने किंवा बायकोने सांगितले तर जास्त पटेल.

खरी लूट अपघातानंतर सुरू होते. वाहनमालकाचा माणूस दवाखान्यात येतो, थोडी रक्कम हातात ठेवतो आणि ‘केस कशाला करता?’ म्हणतो. घाबरलेले घर सही करते. ‘मयताचे पैसे खायचे का?’ असा टोमणाही कोणीतरी मारतो. या टोमण्याला उत्तर दिले पाहिजे. ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याने ते भरून द्यावे, हा साधा न्याय आहे. इस्लामी परंपरेतही चुकून झालेल्या मृत्यूची दियत हा वारसांचा हक्क मानला आहे. मग हक्क मागण्यात लाज कसली?

कायदा काय देतो, ते पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 नुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. कमाई, वय आणि अपंगत्व धरून अधिक भरपाई हवी असेल तर कलम 166 खाली न्यायाधिकरणात जावे लागते. धडक देणारे वाहन पळून गेले, तरी मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. मे 2025 पासून नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार विनारोकड आहेत. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये देण्याचा आदेश ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला आहे.

कामगारांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. 2003 साली धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. प्रवासाची वेळ, ठिकाण आणि कारण कामाशी जोडलेले असेल, तर घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही कामावरचाच. ईएसआय असलेल्या कामगाराला हे संरक्षण 2010 पासूनच आहे, मग तो ठेकेदाराकडचा का असेना. पण ठेकेदाराने त्याचे नाव नोंदवलेच नसेल तर? आपला ईएसआय नंबर आजच तपासा.

तीच गोष्ट विम्याची. नवी दुचाकी घेताना तिसऱ्या पक्षाचा विमा पाच वर्षांचा मिळतो, पण चालवणाऱ्या मालकाचा 15 लाखांचा अपघात विमा अनेकदा एकाच वर्षाचा असतो. समोर दुसरे वाहन नसताना गाडी घसरली, तर तिसऱ्या पक्षाचा विमा मालकाच्या कामी येत नाही. तिथे हा दुसरा विमाच उपयोगी पडतो.

दाव्याची मुदत सहा महिने आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याच्या प्रती मागा. दवाखान्याची बिले, पगाराची पावती, पाळीची नोंद जपून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आपल्या वस्तीत मयत झाली की तासाभरात शंभर माणसे जमतात. कफन, कबर, जेवण सगळ्याची सोय होते. चाळीस दिवसांनी मात्र त्या विधवेच्या हातात एफआयआरची प्रतही नसते. बोईसर-पालघरच्या प्रत्येक जमातीने, मंडळाने आणि कामगार संघटनेने लिहिता-वाचता येणारी दोन माणसे या कामासाठी नेमावीत. अपघात कोणत्या धर्माच्या घरात झाला हे न पाहता त्यांनी पोलीस ठाण्यात जावे, कागद गोळा करावेत, सही करण्याआधी वाचून दाखवावे. खांदा देण्याइतकेच हेही पुण्याचे काम आहे.