घोकणे पुरे, वाचन हवे



आठवी-दहावीची आपली पोरे गाईड घोकून पास होतात. पण आडत्याची हिशेबपट्टी पुढे ठेवली, तर हमाली-तोलाई किती कापली हे सांगता येत नाही. जोतिबांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा अक्षरशून्य कुणब्याला कागदावर नाडले जात होते. आज अक्षर आले, वाचन आले नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास पोराने, पोरीने मोठ्याने वाचावे: कधी धडा, कधी सातबारा, कधी खताच्या पोत्यावरचा मजकूर. मग कागद मिटून चार ओळी आपल्या शब्दांत लिहाव्यात. अडलेला शब्द गुरुजींना विचारावा. कापूस वेचणीतही हा अर्धा तास मोडू नये.

ज्या घरात लेकरू कागद वाचून अर्थ सांगते, तिथे बापाचा अंगठा उठवून घेणे सोपे राहत नाही.