आमच्याकडे चोरायला आहे काय?

गेल्या शाबानमधली गोष्ट. रमजान तोंडावर आलेला, सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकांची छपाई जोरात, लग्नपत्रिकांचीही घाई. अशात एका जुन्या विद्यार्थ्याचा सकाळी सहाला फोन आला, "सर, सब फाइलें बंद हो गईं." मालेगावात त्याची छोटी प्रेस आहे. दोन कॉम्प्युटर, एक सेकंड हँड ऑफसेट मशीन, दोन कामगार. मी पोहोचलो तेव्हा तो स्क्रीनकडे नुसता बघत बसला होता. अकरा वर्षांच्या कामातल्या प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं चिकटली होती आणि एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येक फोल्डरमध्ये एकच इंग्रजी चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांत दिलेत तर 490. म्हणजे चाळीस हजारांच्या वर. कापडाच्या दुकानात लावतात तशी निम्म्या किमतीची सवलत!

काय डाउनलोड केलंस, असं मी तीनदा विचारलं, तेव्हा तो बोलला. डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी होती, म्हणून आदल्या रात्री क्रॅक शोधून टाकला होता. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती: अँटिव्हायरस बंद करा. चोराने सांगावं की आधी वॉचमनला घरी पाठव, आणि मालकाने पाठवावं.

हा प्रसंग मी स्टाफरूममध्ये सांगितला, तेव्हा सगळ्यांचं एकच मत पडलं. हे लोक अडाणी, फुकटचं हवं असतं, भोगा म्हणावं. हे शहाणपण मला मान्य नाही, म्हणून हा लेख. त्या मुलाने प्रेस सुरू केली तेव्हा उर्दू टायपिंगसाठी इनपेज त्याला कोणी दिलं? मी दिलं, माझ्या पेनड्राइव्हवरून. बी.एड. झालेला, मुलांना इमानदारीवर निबंध लिहायला लावणारा मी. मला ते एका मित्राने दिलं होतं, त्याला आणखी कोणी. "अपडेट बंद ठेव, नाहीतर लायसन्सचा मेसेज येतो," हा कानमंत्रही माझाच. आमच्याकडे अर्ध्याअधिक उर्दू प्रेस अशाच उभ्या राहिल्या. मराठीवाल्यांनी हसू नये. डोंगल तोडलेली श्रीलिपी मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

अपडेट बंद ठेवण्याची किंमत काय असते, हे 12 मे 2017 ला साऱ्या जगाने पाहिलं. वॉनाक्राय पसरला त्या दिवशी त्यावरचा इलाज नवा नव्हता. मायक्रोसॉफ्टने तो मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं, ते सापडले. आणि चोरीच्या विंडोजवाला अपडेट घेत नाही, कारण पकडले जाण्याची भीती. म्हणजे आपण कंपनीपासून लपतो आणि दरोडेखोरासाठी दार उघडं ठेवतो.

प्रेसवाल्याचं पुढचं वाक्य मी गेली दहा वर्षं प्रत्येक दुकानात ऐकतो आहे. "सर, हमारे पास है क्या चुराने को?" किराणावाला म्हणतो, लूमवाला म्हणतो, झेरॉक्सवाला तर छातीठोकपणे म्हणतो. मला या वाक्याचा राग येतो. त्या प्रेसच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय होतं पाहा. ओळखपत्र छापायला आलेल्या माणसांची आधार कार्डं. शेकडो घरांच्या पत्रिका, म्हणजे मुलामुलींची, आईबापांची नावं, पत्ते, फोन नंबर. आमच्याच शाळेच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका. ब्राउझरमध्ये साठवलेला जीएसटीचा पासवर्ड. यातलं त्याचं स्वतःचं किती? जवळपास काहीच नाही. लोकांनी विश्वासाने ठेवलेली अमानत होती ती सगळी. अमानत ठेवून घेणाऱ्याला "माझ्याकडे काही नाही" म्हणण्याचा हक्क नसतो. शिवाय हा व्हायरस ज्या जातीचा होता, त्या जातीसोबत पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रामही अनेकदा येतो. फाइलींना कुलूप लागण्याआधीच माल बाहेर गेलेला असू शकतो.

आणि हे हल्लेखोर आपल्या गल्लीत कशाला येतील, असं वाटत असेल तर एक जुनी बातमी सांगतो. नोव्हेंबर 2016 मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं की इनपेजच्या फाइलीतून घुसणारे हल्ले आशिया आणि आफ्रिकेतल्या बँकांवर झाले आहेत. आपलं इनपेज! नस्तालिक लिपीत टाइप करण्याखेरीज ज्याचा जगाला उपयोग नाही, असं आपण समजत होतो, त्यातलीही फट कोणीतरी बसून शोधली होती.

आता सरकारी बाजू. मी त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "खात्यातून पैसे गेले का?" नाही. "मग तक्रार कसली?" अर्धा तास उभे राहिलो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा आहे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घालणं हा त्यात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे एका मास्तराने तिथे समजावून सांगावं लागलं. 1930 हा नंबर आता सगळ्यांना पाठ आहे, पण तो पैशांच्या फसवणुकीसाठी. रोजी अडकलेल्याने कोणाला फोन करायचा? पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये हल्ला होऊन 94 कोटी गेले, तेव्हा पहिल्या पानावर बातम्या आल्या, तपास झाला. व्हायलाच हवा होता. पण दोन कामगारांची प्रेस रमजानच्या तोंडावर बंद पडते तेव्हा ती ठाण्याच्या डायरीतही सहज जात नाही. उलट 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्याला 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचं कलम आहे, पण मालेगावच्या झेरॉक्सवाल्याला कुलूप कसं लावायचं हे शिकवणारा माणूस कुठे आहे?

"परवडत नाही सर," हे उत्तर मी पुरतं मानत नाही. त्याने ऑफसेट मशीन कर्ज काढून घेतलं, शाई उधारीवर का होईना विकतच घेतो. कागद चोरून आणावा, असं त्याच्या स्वप्नातही येणार नाही. सॉफ्टवेअर तेवढं चोरलेलं चालतं, कारण ते हातात धरता येत नाही. आणि खरंच परवडत नसेल तर लिनक्स आहे, लिब्रे ऑफिस आहे, गूगलचा नोटो नस्तालिक फाँट आहे. सगळं फुकट आणि हलाल. सवय बदलायला दोन महिने त्रास होईल, एवढंच.

त्याने पैसे दिले नाहीत. देऊनही फाइली मिळतीलच असं नव्हतं. युरोपोल आणि डच पोलिसांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या नो मोअर रॅन्समच्या साइटवर फुकट चाव्या असतात, तिथे शोधलं, त्याच्या कुलपाची मिळाली नाही. एका जुन्या हार्ड डिस्कवर तीन वर्षांपूर्वीची नक्कल सापडली. कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात ठेवली होती म्हणून ती वाचली. बाकी सगळं गेलं. वेळापत्रकं दुसऱ्या प्रेसने छापली.

परवा मी शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसलो. कोपऱ्यात तीच पाटी: विंडोज सक्रिय करा. आत सातशे मुलांचे आधार नंबर. क्लार्कला विचारलं तर तो हसला. हेडमास्तरांना लेखी अर्ज दिला आहे. आज बारा दिवस झाले, उत्तर नाही.