कॅमेऱ्याला निविदा, माणसाला पद

शाळेच्या कार्यालयाच्या दाराशेजारी तक्रारपेटी टांगलेली असते. पत्र्याची, वर फट, खाली कुलूप. समोर लिपिकाची खिडकी, शेजारून शिक्षकांची ये-जा. सातवीतल्या मुलीला काही सांगायचे असेल तर एवढ्यांच्या देखत तिने चिठ्ठी टाकायची. तपासणीच्या नमुन्यात मात्र ‘तक्रारपेटी : आहे’ अशी नोंद होते आणि साहेब पुढच्या शाळेकडे वळतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील चिमुकल्यांवरील अत्याचाराचे प्रकरण उघड झाले, संतप्त लोक रेल्वेरुळांवर उतरले आणि शासन निर्णय लगोलग निघाला. महिनाभरात सीसीटीव्ही बसवा, नाही तर अनुदान रोखू, मान्यता काढू. तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी हेही त्यात होतेच. पण शाळा धावल्या त्या कॅमेऱ्यामागे. ते स्वाभाविकही होते. कॅमेऱ्याची निविदा निघते, देयक निघते, छायाचित्र काढून वर पाठवता येते. त्याच्यामागचा हार्डडिस्क बदलण्याचा, दुरुस्तीचा आणि विजेचा खर्च नंतर येतो, आणि तो कोणी करायचा हे सांगणारा कागद बहुधा येत नाही. वीजबिल थकल्याने जोडणी तुटलेल्या जिल्हा परिषद शाळा राज्याने पाहिल्या आहेत.

सरकारी शाळेच्या हाती खर्चायला किती असते? समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरते. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. खडू-डस्टर, वीजबिल, नळदुरुस्ती, रंगरंगोटी सगळे त्यातच. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा. कॅमेऱ्याला दिसत नाही ते मुलांचे मनही या पैशात जपा, असे मुख्याध्यापकांना सांगणे ही थट्टाच.

मनाचा प्रश्न किती मोठा आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. यात महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत, म्हणून सगळा आकडा शाळांच्या माथी मारता येणार नाही. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. चाळीसच्या वर्गात साधारण तिघे.

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक बंधनकारक केला. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर दुवा जोडायचा. खासगी शाळा हा भार बहुधा शुल्कात घालतील. सरकारी शाळेत मात्र पद हवे, आणि पद संचमान्यतेतून, म्हणजे पटानुसार होणाऱ्या पदमंजुरीतून, येते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुख्याध्यापकाची खोली आहे, स्वयंपाकघर आहे, कुंपण आहे, सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तर कला व आरोग्य शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकही आहेत, समुपदेशक नाही. मग तो भार एखाद्या मनमिळाऊ बाईंवर ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून येतो. त्याच बाई मतदारयादीचे कामही करतात. शिवाय ज्या शिक्षकाच्या हाती गुण आहेत त्याच्यापाशी मूल किती मोकळे होणार, हाही प्रश्न उरतोच.

पैसा नाही, हे उत्तर नेहमीचे. ते तपासून पाहू. राज्यात ४,८६० शैक्षणिक केंद्रे आहेत, प्रत्येकाच्या कक्षेत साधारण दहा किंवा त्याहून अधिक शाळा. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी केंद्रामागे एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची तितकीच पदे राज्याने २०२४ मध्ये निर्माण केली. तीही बऱ्याच वर्षांच्या कंत्राटी नेमणुकांनंतर आणि न्यायालयीन रेट्यानंतर, हे खरे. पण वाट मळलेली आहे. त्याच हिशेबाने समुपदेशक नेमला आणि महिना ३०,००० रुपये मानधन धरले, तर वर्षाला सुमारे १७५ कोटी होतात. शालेय शिक्षणावर दरवर्षी हजारो कोटी खर्चणाऱ्या राज्याला ही रक्कम जड नाही. दहाच शाळांना एक माणूस धरला तरी एका शाळेच्या वाट्याला पंधरवड्यातून एखादा दिवस. हे अपुरेच आहे आणि न्यायालयाच्या आदेशाची पूर्तताही यातून होत नाही. मोठ्या पटाच्या शाळांना स्वतंत्र पद द्यावेच लागेल. पण मूल कोणाकडे पाठवायचे, हे निदान ठरेल. अट एकच : मानधन अकरा महिन्यांच्या करारावर टांगलेले नको. दर जूनला नवा चेहरा आला तर मुले जुन्या माणसाला सांगितलेले पुन्हा सांगत नाहीत.

पदे मंजूर होईपर्यंत एक काम संयुक्त अनुदानातूनही होईल. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो शाळेच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर रंगवायला रंगाचा एक छोटा डबा पुरतो. आणि तक्रारपेटी कार्यालयाच्या दारातून काढून मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर लावायला चार खिळे.