जिन, सालदार आणि कायद्याची पळवाट : खानदेशाचा वगळलेला कामगार इतिहास

१/ महाराष्ट्राच्या कामगार चळवळीचा इतिहास बहुधा मुंबईच्या गिरणगावात सुरू होतो आणि तेथेच संपवला जातो. नारायण मेघाजी लोखंडे, १८९० ची रविवारची सुट्टी, १९८२ चा संप. या मांडणीत जळगाव-धुळे म्हणजे केवळ कापूस पिकवणारा मुलूख. ही मांडणी चुकीची आहे आणि ती चूक निरुपद्रवी नाही.

२/ १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. कापूस मुंबईला धाडण्यापूर्वी सरकी वेगळी करणे आणि गाठी बांधणे आवश्यक होते. त्यासाठी वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले. तेथील मजुरांत स्त्रियांची संख्या मोठी होती.

३/ १८८१ मध्ये भारतातील पहिला कारखाना कायदा आला. पण ‘कारखाना’ कोणाला म्हणावे? जेथे किमान १०० माणसे काम करतात आणि जो वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालतो, त्याला. जिन हंगामी. व्याख्येच्या एका ओळीने तेथील मजूर कायद्याबाहेर गेला.

४/ त्याचा परिणाम मुंबई कारखाना आयोगापुढील (१८८४-८५) साक्षीत नोंदला गेला आहे. खानदेशातील जिनांत पहाटे चार ते रात्री दहा असे अठरा तास काम चाले. मजुरी तीन ते चार आणे. ऐन हंगामात त्याच बायका सलग आठ दिवस रात्रंदिवस राबल्याचीही नोंद आहे. अतिश्रमाने मृत्यू होत, हेही त्या साक्षीत आले आहे.

५/ यावरचे नेहमीचे समर्थन असे : हंगाम थोडा, माल नाशवंत, म्हणून सवलत हवी. पण कापूस म्हणजे दूध नव्हे. गोदामात तो महिनोन् महिने टिकतो. घाई होती ती बाजारभावाची आणि जहाजाची. त्या घाईची किंमत मात्र मजूर स्त्रीच्या शरीरातून वसूल झाली.

६/ १८९१ च्या दुरुस्तीने स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा केला. चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. तेव्हाही स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जिन-प्रेस वगळले गेले. जेथे अत्याचाराची नोंद सर्वांत स्पष्ट, तेथेच अपवाद!

७/ खानदेशात बारमाही गिरण्याही होत्या : जळगाव, धुळे, चाळीसगाव आणि अमळनेरची प्रताप मिल. १९४६ मध्ये अमळनेरला कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. कामगार पुढारी श्रीपत पाटील त्यात हुतात्मा झाले. संघटना ही मुंबईहून आयात झालेली चैन होती, असे म्हणणाऱ्यांनी अमळनेरला जाऊन पाहावे.

८/ डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागातील ते पहिले अधिवेशन. तेथे मंजूर झालेल्या कृषी कार्यक्रमात शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन देण्याची मागणी होती. ठराव खानदेशाच्या भूमीवर झाला. अंमलबजावणीचे काय झाले, ते शहाद्याने दाखवले.

९/ शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. आखाजीला बोली करून वर्षभर मालकाच्या दारी बांधला जाणारा सालदार बहुधा भिल्ल होता. अनेकदा तो गमावलेल्या जमिनीचाच मूळ धनी असे. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ३० जानेवारी १९७२ रोजी अंबरसिंग सुरतवंती आणि सहकाऱ्यांनी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरवला.

१०/ त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन परत हवी, मजुरी वाढवून हवी, हे तिचे मुख्य प्रश्न. स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, कारण मजुरी घरी पोहोचण्याआधीच गुत्त्यात संपत होती. हा वेतनाचाच लढा होता. त्याला निव्वळ ‘दारूबंदी’ म्हणून बाजूला काढणे म्हणजे पुन्हा व्याख्येने वगळणे.

११/ आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा. तो कोणा मंत्र्याच्या औदार्याची देणगी नव्हे. शहाद्यासारख्या ठिकाणी जे मोर्चे निघाले, जे तुरुंगात गेले, त्यांचा वाटा विसरून त्या कायद्याचा इतिहास लिहिता येत नाही.

१२/ १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी मजुरांची मर्यादा १० होती. २०२० च्या संहितेत ती २० झाली. हा तांत्रिक तपशील वाटतो. १८८१ मधले ‘१०० माणसे’ आणि ‘चार महिने’ हेही असेच तांत्रिक तपशील होते. कामगार कायदा वाचताना आधी व्याख्येचे कलम वाचावे. खानदेशातील जिनांचा इतिहास हेच शिकवतो.