तपासणी दोघांची

विवाहाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की सुनेच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. रक्ततपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांची क्ष-किरण तपासणी, प्रसंगी दुर्बिणीतून तपासणीही होते. या साऱ्या काळात पतीची एकही तपासणी झालेली नसते. पेढीच्या कामातून सवड मिळत नाही, असे सांगितले जाते. खरे कारण बहुधा संकोच हेच असते. वस्तुतः मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीकडील दोषासह, आढळतो. वहीची एकच बाजू तपासून ताळेबंद मांडता येत नाही, ही गोष्ट व्यापारी कुटुंबांना सांगावी लागू नये.

या संकोचाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. पौरुष आणि प्रजननक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याचे वैवाहिक जीवन सर्वथा निर्दोष आहे, अशा पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू अत्यल्प असू शकतात किंवा मुळीच नसू शकतात. बाह्य लक्षणांवरून हे कळत नाही. त्यासाठी वीर्यतपासणीच करावी लागते. गर्भनिरोधनाविना एक वर्ष सहजीवन होऊनही गर्भधारणा झाली नाही, तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये.

वीर्यतपासणी अल्पखर्चाची व वेदनारहित आहे. त्यापूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यावयाचा झाल्यास तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत जपून पोहोचवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार वीर्य 1.4 मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे शुक्राणू 1 कोटी 60 लाख, गतिशील शुक्राणू 42 टक्के आणि सुघटित शुक्राणू 4 टक्के, या खालच्या मर्यादा मानल्या जातात. आकडा याहून कमी आला म्हणजे अपत्य होणारच नाही असे नव्हे, आणि अधिक आला म्हणजे होईलच असेही नव्हे. साधा ताप येऊन गेला तरी संख्या घटते. म्हणून एका अहवालावर निर्णय न करता काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करवून घ्यावी.

दोष कायम आढळल्यास मूत्रविकारतज्ज्ञ किंवा पुरुषवंध्यत्वाचे तज्ज्ञ प्रत्यक्ष तपासणी करतात. बालपणी वृषण खाली न उतरणे, वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, जुनी शस्त्रक्रिया, तंबाखू, मद्य, भट्टीजवळचे काम, चालू असलेली औषधे या साऱ्यांची विचारपूस होते. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, म्हणजेच व्हेरिकोसील, हे सर्वाधिक आढळणारे व उपचारसाध्य कारण आहे. हाताला जाणवणाऱ्या अशा दोषावर शस्त्रक्रिया केल्याने पुष्कळांच्या अहवालात सुधारणा होते. जुन्या मधुमेहात वीर्य उलट दिशेने मूत्राशयात जाऊ शकते. तो दोष मूत्रतपासणीत उघड होतो.

शुक्राणू मुळीच नसल्यास मार्गात अडथळा आहे की निर्मितीच होत नाही, हे ठरवावे लागते. त्यासाठी एफएसएच व टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांची, तर निर्मितीच क्षीण असल्यास गुणसूत्रांचीही तपासणी होते. पियुषिका ग्रंथीच्या दुर्बलतेमुळे निर्मिती थांबली असेल, तर काही महिन्यांच्या इंजेक्शनांनी ती पुन्हा सुरू होऊ शकते. अन्य काहींच्या वृषणातून थेट शुक्राणू मिळवून इक्सी पद्धतीने एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सोडता येतो. या पद्धतीने 1992 मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी यश मिळवल्यापासून पूर्वी ज्यांना केवळ नकारच ऐकावा लागे, अशा कितीतरी पुरुषांना स्वतःचे अपत्य लाभले. मात्र या मार्गाने जाण्यापूर्वी किती गर्भ तयार होतील आणि उरलेल्यांचे काय होईल, हे जोडप्याने स्पष्ट विचारून घ्यावे. जीवदयेचा संस्कार असलेल्या घरात हा प्रश्न उपचारानंतर नव्हे, आधीच सुटलेला बरा. भारतात 2021 च्या कायद्यानुसार अशा उपचारांसाठी लेखी संमती आवश्यक आहे.

एका घातक चुकीविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. अशक्तपणावर किंवा व्यायामशाळेतील शरीरसंवर्धनासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली जातात. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदूकडून वृषणाला जाणारा आदेश थांबतो आणि शुक्राणूनिर्मिती खालावते, कित्येकदा पूर्ण बंद पडते. बल वाढवणारे औषध असे वंशवृद्धीच्या मुळावर येते. ते बंद केल्यावर निर्मिती बहुधा पूर्ववत होते. परंतु त्यास कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषाने अशी इंजेक्शने घेऊ नयेत, आणि घेतली असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून कोणत्याही उपचाराचे फळ तीन महिन्यांच्या आत तपासू नये, आणि पंधरा दिवसांत गुण देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. तंबाखू सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे, पुरेशी झोप घेणे यांचा लाभ होतो. पण ही पथ्ये तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

स्त्रीच्या वयाबरोबर तिची बीजे घटत जातात. गेलेली वर्षे कोणत्याही खर्चाने परत मिळत नाहीत. पतीने टाळलेल्या एका तपासणीचे मोल पत्नी अशा रीतीने चुकवीत असते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी सुनेला दवाखान्यात पाठवताना मुलालाही सोबत पाठवावे, आणि त्याचा अहवाल काहीही येवो, त्याची चर्चा बैठकीत होऊ देऊ नये.