दहा वर्षांखालील गट



गेल्या वर्षी आमच्या गावातल्या गणेशोत्सवात चित्रकला स्पर्धा होती. ओळखीच्या एका कुटुंबातल्या बावीस वर्षांच्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचं चित्र आम्ही 'दहा वर्षांखालील' गटात लावलं. ('आम्ही' म्हणतो, कारण समितीत मीही होतो.) वर उत्तेजनार्थ बक्षीसही दिलं. त्याच्या आईने ते हसून घेतलं. त्यानंतर त्या घरातलं कोणी एकाही कार्यक्रमाला आलेलं नाही.

ओकलंडला क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचा स्टुडिओ आहे. फ्लॉरेन्स आणि इलायस कॅट्झ या दांपत्याने १९७४ साली बर्कलीतल्या आपल्या गॅरेजमध्ये तो सुरू केला. अशा लोकांना कोंडून ठेवणाऱ्या मोठ्या सरकारी संस्था तेव्हा रिकाम्या होऊ लागल्या होत्या. बाहेर आलेल्या माणसांना इथे कला मिळाली ती काम म्हणून. चित्र विकलं गेलं की निम्मे पैसे कलावंताचे.

ज्युडिथ स्कॉट इथलीच. तिला डाऊन सिंड्रोम होता. लहानपणी ओहायोत तोंडी चाचणी घेऊन 'शिकवण्यासारखी नाही' असा शेरा मारला गेला. तिला मुळात ऐकूच येत नव्हतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही! असं मोजमाप घेऊन मी शोधनिबंध पाठवला तर तो त्याच दिवशी परत येईल. ज्युडिथची मात्र त्यापायी सुमारे ३५ वर्षं संस्थेत गेली. जुळ्या बहिणीने, जॉइसने, तिला सोडवून कॅलिफोर्नियाला आणलं. १९८७ मध्ये ती स्टुडिओत आली आणि जवळजवळ दोन वर्षं तिने कशातच रस दाखवला नाही. कोणी तिचा हात धरून चित्र काढून घेतलं नाही, की जागा अडवते म्हणून घरीही पाठवलं नाही. मग एकदा धागे हाती आले. हाताला लागेल ती वस्तू लोकरीत, दोऱ्यांत गुंडाळत तिने २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत माणसाएवढी शिल्पं केली. २०१४ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

दोन वर्षं! आपण मुलाला पियानोला घालतो आणि सहा महिन्यांत 'प्रगती' विचारतो.

यंदाच्या समितीपुढे मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत: वयाचे गट प्रौढांना लावायचे नाहीत, आणि विक्रीच्या भिंतीवर त्या मुलाचं चित्र इतरांच्या रांगेत, किमतीच्या चिठ्ठीसह लावायचं. अर्थात त्याची इच्छा असेल तर. त्याच्या आईला फोन मीच करणार आहे. आधी माफी मागायची आहे.